आधी घड्याळ, मग नकाशा: मुंबईच्या वस्त्या पायी पाहायच्या तर

मुंबई पायी बघायला निघालेली माणसं बहुतेक वेळा आधी नकाशा उघडतात. कुठून कुठे जवळ पडेल ते पाहून वाट आखतात आणि भुलेश्वरला दुपारी बाराला, बोहरी मोहल्ल्यात सकाळी दहाला जाऊन पोचतात. घरी आल्यावर सांगतात, गर्दी होती, धूळ होती, फारसं काही दिसलं नाही. ती वस्ती तेव्हा जागीच नव्हती, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

या शहरात दर वस्तीचं घड्याळ वेगळं आहे आणि वारही वेगळा. फूलगल्ली उजाडण्याआधी उठते. इराणी हॉटेलातला ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, सकाळीच खावा. बोहरी मोहल्ला दिवे लागल्यावर खुलतो. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात, तेव्हा पाहुण्यांनी तिकडे फिरकू नये. मशिदीत शुक्रवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. संजय गांधी उद्यान सोमवारी बंद. म्हणून मी गेली अनेक वर्षं एकच रीत पाळतो: आधी वार, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. पुढच्या सगळ्या वाटा या क्रमानंच लावल्या आहेत. नकाशावर त्या मागेपुढे झालेल्या दिसतील, पण चालून बघाल तेव्हा जुळतील.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे महिने. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मे महिन्यात सकाळी दहानंतर रस्त्यावर राहू नका. पावसाळ्यात गल्ल्या सुंदर दिसतात, पण भुलेश्वर-मशीद बंदर भागात पाणी साचतं आणि त्याखाली उघडं गटार असेल तर कळत नाही. पावसात जायचंच असेल तर माटुंग्याची वाट धरा.

पायात पुढून बंद आणि पटकन काढता-घालता येतील अशी पादत्राणं हवीत. देऊळ, मशीद, दर्गा, बाहेर यायचं, पुन्हा आत जायचं. लेस सोडण्या-बांधण्यातच जीव मेटाकुटीला येतो. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. स्त्री असो की पुरुष, पिशवीत एक मोठा सुती रुमाल किंवा ओढणी ठेवा, डोकं झाकायला लागते. सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीतच न्या. प्रार्थनामंदिरांच्या दारावर पोलीस पहारा असतो, तिथे फोनमधला फोटो चालेलच असं नाही. सुटे पैसे ठेवा. पाण्याची बाटली एकच पुरे, वाटेत भरता येते. स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे, विशेषतः बायकांसाठी. वाट सुरू करण्याआधी रेल्वे स्टेशनवर आणि मध्यावर ज्या हॉटेलात बसाल तिथे, असा दोनदा नेम ठरवूनच ठेवा.

नावांचा गोंधळ आधीच सोडवून घ्या. पाटीवर एक नाव आणि माणसांच्या तोंडी दुसरं, असा इथला रिवाज आहे. पाटीवर शामलदास गांधी मार्ग, लोक म्हणतात प्रिन्सेस स्ट्रीट. जगन्नाथ शंकरशेट मार्गाला जुनी माणसं गिरगाव रोडच म्हणतात. क्रॉफर्ड मार्केटचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. रस्ता विचारताना जुनं नाव घ्या, फोनमध्ये शोधताना दोन्ही घालून पाहा.

फोटोबद्दल एकच नियम सांगतो आणि तो मी चुकून शिकलो आहे. एका वाडीत ओसरीवर बसलेल्या आजींचा फोटो मी न विचारता काढला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. ते दार अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून आधी नमस्कार, मग दोन वाक्यं बोलणं, आणि मग विचारणं. घर बाहेरून सुंदर असलं तरी ते कुणाचं तरी घर आहे.

पहिली वाट: भुलेश्वर, धोबीतलाव, फणसवाडी, गिरगाव

रविवारी पहाटे निघा. एकूण चालणं चार-पाच किलोमीटरचंच आहे, पण पाच तास हाताशी ठेवा. रविवारी घाऊक दुकानं बरीचशी बंद असतात, त्यामुळे गल्ल्यांची आखणी डोळ्यांत बसते. नंतर एखाद्या आडवारी याच वाटेनं पुन्हा जा, म्हणजे तेच रस्ते व्यापाराच्या अंगानं दिसतील.

मरीन लाइन्सला सव्वासहाच्या सुमारास उतरा, चर्नी रोडच्या बाजूच्या पुलावरून पूर्वेला या आणि प्रिन्सेस स्ट्रीटनं सरळ चालत काळबादेवी रस्ता गाठा. तिथून डावीकडे वळून पुढे भुलेश्वर. आता मेट्रो ३ चं काळबादेवी स्थानकही झालं आहे, पण पहाटेला लोकलच बरी.

फूलगल्लीत आल्याचं नाकाला आधी कळतं. ओला झेंडू, शेवंती, तुळस आणि खाली तुडवलेल्या पाल्याचा हिरवा वास. इथे घाई न करता एखाद्या गाळ्यासमोर दहा मिनिटं बाजूला उभे राहा आणि फक्त हात बघा. हार ओवणाऱ्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचं एक टोक अडकवलेलं असतं. उजवा हात टोपलीत न बघता जातो आणि सारख्याच आकाराची फुलं घेऊन वर येतो. दुर्वांच्या जुड्या बांधायला केळीच्या सोपटाचे ओले पट्टे लागतात. बांधणाऱ्या बाई ते दातांनी उभे चिरतात, एका फेऱ्यात गाठ मारतात आणि जुडी पाण्याच्या घमेल्यात टाकतात. साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान हा खेळ भरात असतो, नऊनंतर उरतो तो पाचोळा. मागून "बाजू, बाजू" अशी हाक आली की मागे वळून बघू नका, भिंतीला लागा. डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला थांबता येत नाही.

इथली मराठी, गुजराती आणि मारवाडी इतकी एकमेकांत मिसळली आहे की एकाच वाक्यात तिन्ही सापडतात. वैष्णव हवेल्या, जैन देरासरं, शंकराची आणि विठोबाची देवळं अगदी खेटून उभी आहेत. जवळच पांजरापोळ आहे. १८३४ सालची ही संस्था, आणि तिच्या मुळाशी एक भांडण आहे. कंपनी सरकारनं शहरातली भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावर १८३२ साली पारशी-गुजराती वस्तीत दंगल झाली. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या व्यापारी सहकाऱ्यांनी जनावरांसाठी हा आसरा उभा केला. आत गाई आहेत, चारा घालता येतो. भर बाजारात अचानक शेणाचा आणि कडब्याचा वास येतो, तेव्हा जागा आली असं समजा.

आठच्या सुमारास मागे फिरा. परत जाताना काळबादेवी रस्त्याच्या पश्चिमेला कावेल लागेल. जुनं कोळी आणि ख्रिस्ती गाव होतं हे, आता चहूबाजूंनी बाजारानं वेढलेलं. इथल्या रस्त्याला डॉ. अकासिओ व्हिएगस यांचं नाव आहे. १८९६ साली मांडवीत पसरलेला ताप हा गाठीचा प्लेग आहे, हे ओळखणारे ते गोव्याचे डॉक्टर. पुढे माटुंग्याच्या वाटेवर हा प्लेग पुन्हा भेटणार आहे. रुंद रस्ते, नव्या वसाहती, गल्लीच्या तोंडावरचे क्रूस, असं बरंच काही त्या साथीतून आलं.

कावेलातून दक्षिणेला धोबीतलाव. इथल्या जेर महाल इमारतीकडे नीट मान वर करून पाहा. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे कूड आहेत. कूड म्हणजे खोली. बोटीवर नोकरी शोधायला, गाण्याबजावण्याला, आचारी म्हणून काम करायला गोव्याहून आलेल्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला जागा हवी, म्हणून एकेका गावानं आपापला कूड केला. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, एका बाजूला आल्तार, म्हणजे वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा शिरस्ता. तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १८९२ च्या एप्रिलमध्ये झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईतच, आणि तो याच कष्टकरी गोवेकरांच्या बळावर. आत जाणं फक्त ओळखीनं. ओळख नसेल तर खालून पाट्यांवरची गावांची नावं वाचा. गोव्याचा नकाशा तिथे जिन्यात टांगलेला आहे असं वाटतं.

त्याच इमारतीच्या तळाला कयानी, १९०४ पासूनचं. नाश्ता इथे. ब्रून मस्का मागवा आणि ब्रून चहात बुडवण्याआधी एक तुकडा कोरडाच तोडून बघा. कवच काचेसारखं तडकतं, आत मऊ पोकळ. पारशी आणि इराणी यांच्यात फरक आहे, तो इथेच समजून घ्या. पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले. हॉटेलं काढणारे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नंतर इराणातल्या यज्द-केरमानच्या बाजूनं आले. देव एक, अग्नी एक, पण घरातली बोली आणि कहाणी निराळी.

नाश्ता झाला की जगन्नाथ शंकरशेट मार्गानं उत्तरेकडे चालू लागा. आतशबेहराम म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरातली सर्वांत वरची पायरी. सोळा प्रकारचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणल्यावर तो सिद्ध होतो. साऱ्या भारतात अशी आठच स्थानं आहेत, आणि त्यांतली चार या एका टापूत: दादीशेठ (१७८३), वाडियाजी (१८३०), बनाजी (१८४५) आणि अंजुमन (१८९७). आत प्रवेश पारशी-इराण्यांनाच. फाटकाबाहेर घुटमळू नका, आत डोकावू नका. समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भागाचं इराणी थाटाचं काम पाहावं आणि पुढे व्हावं. चंदनाची दुकानं दिसतील. तिथला माणूस मोकळा असेल तर दोन शब्द बोलतो.

चिराबाजार ओलांडून उजवीकडे फणसवाडीत शिरा. गिरगावात वाढलेल्यांनाही ज्याची नवलाई वाटत नाही, इतकं हे अंगवळणी पडलेलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. याच वाडीत १७८३ चा आतशबेहराम आहे, आणि तिथेच वेंकटेशाचं देऊळ, दक्षिणी गोपुराचं, वैष्णव आचार्यांच्या पूजाविधीचं. तमिळ पाठ ऐकू येतो तो मराठी चाळीच्या गॅलऱ्यांखाली. देवळात दर्शनाला कुणालाही जाता येतं. सकाळी गेलात तर पुळियोगरे किंवा दहीभाताचा प्रसाद हातावर पडण्याचा संभव बराच.

शेवटी खोताची वाडी. ठाकूरद्वारच्या पुढे, त्याच शंकरशेट मार्गावरून आत जाणारी अरुंद वाट. दादोबा वामन खोत यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिली, त्यांच्यावरून नाव. ईस्ट इंडियन हे नाव परक्याला चकवतं. ही इथलीच, उत्तर कोकणातली माणसं, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, गोव्या-मंगळूरकडून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. घरातली बोली मराठीच, फक्त आपल्या कानाला थोडी वेगळ्या वळणाची. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कांडून काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, त्याला बाटली मसालाच म्हणतात. उजेड लागला तर रंग उतरतो.

बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे ओसरी, वर कौलं, कोपऱ्यावर क्रूस. जुनी घरं आता मोजकीच उरली आहेत आणि दर काही वर्षांनी एखादं कमी होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून विनंती एवढीच, आवाज खाली ठेवा, जिन्यावर बसून फोटो काढू नका आणि दहा जणांचा घोळका घेऊन जाऊ नका. चौघं पुष्कळ झाले.

इथून हाकेच्या अंतरावर खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांची चाळ, १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव जिथे झाला ती. आजही तिथली मूर्ती लहान आणि मातीची असते. गणपतीत गेलात तर गल्लीतल्या उंच मूर्ती बघून झाल्यावर इथे या. साडेअकरा वाजले असतील. पीयूष आणि साबुदाणा वडा खाऊन मेट्रो ३ चं गिरगाव किंवा लोकलचं चर्नी रोड, जे सोयीचं असेल ते गाठा.

दुसरी वाट: मशीद बंदर ते भेंडीबाजार

ही दुपारी तीनला सुरू करून रात्री आठला संपवायची. वार मंगळवार ते गुरुवार यांतला कोणताही. शुक्रवार-शनिवार का टाळायचे ते वर आलंच आहे.

मशीद बंदर स्टेशनला उतरून सॅम्युअल स्ट्रीट विचारा. गोदामं, मसाल्याची पोती, खोबऱ्याचे ढीग यांच्या मधोमध शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे मुंबईतलं सर्वांत जुनं ज्यू प्रार्थनामंदिर आहे. १७९६ साली ते उभारलं सॅम्युअल यहेज्केल दिवेकर यांनी. आडनाव पुन्हा वाचा. दिवेआगरचे ते दिवेकर. हे बेने इस्राएल, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. कंपनीच्या फौजेत असलेले दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले तर देवाचं घर बांधीन असा नवस बोलले, अशी परंपरा सांगते. मशीद बंदर या नावातली मशीदही हीच, असं बरेच जण मानतात.

या समाजाची मातृभाषा मराठी. प्रार्थना हिब्रूत, पण एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं रचली आणि गायली. संदेष्टा एलियाहूच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, फळं. आपल्याच घरातला प्रसाद वाटतो. आत जायला आधी परवानगी घ्या. ती नसेल तर ओळखपत्र दाखवून पहाऱ्यावर नम्रपणे विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं. आतली भाषा कानावर पडली तर मग मात्र मराठीतच बोला. समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी पाहिलं आहे.

तिथून पश्चिमेला मोहम्मद अली रोड ओलांडण्याआधी इमामवाड्यात वळा. इथली मुघल मशीद खरं तर इराणी मशीद आहे. १८६० साली इराणी व्यापारी हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी ती बांधली. तिला घुमट नाही. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या फरशांची नक्षी आणि अंगणात हौद. नमाजाच्या वेळा टाळून, दारावर विचारून आत जा आणि हौदाच्या काठी पाच मिनिटं बसा. बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट इथे जवळजवळ ऐकू येत नाही. मोहरमच्या दिवसांत मात्र ही जागा शोकाची असते, तेव्हा बघ्यांनी जाऊ नये.

भेंडीबाजारात शिरलात की पांढरा संगमरवरी रौदत ताहेरा. दाऊदी बोहऱ्यांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची ही समाधी, १९७५ सालची. आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे. आजूबाजूच्या जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, त्यामुळे एखादी गल्ली मागच्या खेपेला होती तिथे नसेल. फोनवर विसंबू नका, पानवाल्याला विचारा.

गाण्याची आवड असेल त्याला भेंडीबाजार हे नाव घराण्यासाठी माहीत असतं. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेकडून येऊन इथे राहिले आणि त्या वस्तीचंच नाव गायकीला पडलं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. इथे त्याची पाटी वगैरे शोधत बसू नका. मी इतकंच करतो, त्या दिवशी घरून निघताना अंजनीबाईंची आठवण मनाशी घेऊन येतो.

दिवे लागले की बोहरी मोहल्ला. खवय्यांनी रिकाम्या पोटी यावं. बोहरी घरात एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात, चिमूटभर मिठानं सुरुवात, मग गोड, मग खारं. गल्लीत आपल्याला तसं बसायला मिळत नाही, पण क्रम पाळून बघा, मजा येते. शिगेवरचे कबाब, बारा हांडी, आणि शेवटी हातानं फिरवलेल्या संच्यातलं आइस्क्रीम. १८८७ पासूनचं ताज आइस्क्रीम हे त्यातलं जुनं नाव. सीताफळाचा मोसम असेल तर दुसरा विचार करू नका. शाकाहारी माणसांनी ही वाट संध्याकाळी सहापर्यंत चालावी आणि आइस्क्रीम खाऊन परतावं. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडला जत्रा असते, मालपुव्याच्या कढया पहाटेपर्यंत चढलेल्या असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यानं मात्र तो महिना निवडू नये.

तिसरी वाट: माझगाव, उन्हं उतरताना

हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड. बऱ्याच मुंबईकरांनी हे स्टेशन फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. चार वाजता उतरा आणि भंडारवाडा टेकडीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात चढून जा. दुपारी बाग बंद असण्याची शक्यता धरा, म्हणून चारच्या आधी नको. वरून गोदी दिसते, क्रेनच्या माना, दुरुस्तीला लागलेली जहाजं, पलीकडे खाडी. इथेच माझगावचा किल्ला होता, १६९० मध्ये सिद्दी याकूत खानानं तो जमीनदोस्त केला.

काका बाप्टिस्टा (१८६४-१९३०) इथलेच. ईस्ट इंडियन, बॅरिस्टर, टिळकांचे जिवलग, १९२५ साली मुंबईचे महापौर. त्यांचं घर होतं ते माथारपाखाडी गाव टेकडीपासून दहा मिनिटांवर आहे. खोताच्या वाडीपेक्षा ते शांत आहे, आणि मला तर जास्त आवडतं. नियम तेच.

वाटेत नवाब टँक रोडवर लाल दाराची एक इमारत शोधा. सी यप कून, १९१९ चं चिनी देवालय. गोदीवर काम करायला आलेल्या चिनी खलाशांची आणि सुतारांची इथे वस्ती होती, १९६२ च्या युद्धानंतर ती ओसरत गेली. अरुंद जिना चढून वर गेलात की क्वान कुंग या देवाची वेदी, उदबत्त्यांचा धूर आणि भविष्य सांगणाऱ्या काड्यांचं नळकांडं. दार लोटलेलं असेल तर शेजारी विचारा, कुणीतरी किल्ली घेऊन येतं. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी दिवे लागतात आणि उपनगरांत पांगलेली कुटुंबं एकत्र येतात. तो दिवस साधता आला तर साधा.

वेळ उरला तर हसनाबादला जा, खोजा मुसलमानांचे धर्मगुरू पहिले आगाखान यांची कबर तिथे आहे. टेकडी, पाखाडी, देवालय आणि हसनाबाद मिळून दोन तासांत आरामात होतं.

माटुंगा, थोडक्यात

ही सगळ्यांत सोपी वाट, वयस्कर माणसांना बरोबर घेऊन करावी अशी. सकाळी सातला मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरा, स्टेशनजवळ इडली आणि फिल्टर कॉफी घ्या, फुलांच्या दुकानांवरून गजरे बघत किंग्ज सर्कल, तिथून पाच बागा आणि दादर पारसी कॉलनी. प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यानं हा भाग आखला. रुंद रस्ते, मोकळी हवा, झाडांच्या रांगा, हे सगळं त्या भीतीतून आलेलं शहाणपण आहे. तमिळ भजनसमाज, कच्छी दुकानं आणि पारशी बंगल्यांपुढचे खडूचे ठिपके अर्ध्या तासाच्या अंतरात दिसतात. सावली भरपूर, बसायला बाकं भरपूर.

शेवटची वाट रानातली

संजय गांधी उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांची वाट मी शेवटी ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा. आधीच्या वाटा चालून झाल्यावर ती वेगळीच कळते. सोमवार सोडून कोणताही दिवस, शक्यतो आडवार. बोरिवली पूर्वेच्या फाटकातून गुहा सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाची बस मिळते, पण निदान जाताना चाला. रस्ता डांबरी आहे. रस्ता सोडून झाडीत शिरू नका, हे बिबट्यांचं रान आहे. संध्याकाळी उशीर करू नका. माकडांपुढे पिशवी उघडू नका.

शंभरावर लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या दारातले दोन उंच बुद्ध सगळेच बघतात. कातळात खोदलेले पन्हळ आणि टाकी मात्र मुद्दाम बघा. पावसाचं पाणी एका टाक्यातून दुसऱ्यात कसं नेलंय ते बोटानं माग काढत चाललं की समजतं. मग वर, गर्दी सुटेपर्यंत, ९० क्रमांकाच्या लेण्याकडे चढा. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख कोरलेले आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे. लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं आणि तिथी लिहून ठेवली. फणसवाडीतल्या आतशबेहरामच्या साडेसातशे वर्षं आधी.

अक्षरं झिजलेली आहेत, दुपारच्या सरळ उन्हात ती दिसत नाहीत. सकाळी नऊच्या आत पोचा, बाजूनं तिरपा उजेड पडतो तेव्हा भिंतीला हात न लावता, थोडं डावीकडे सरकून बघा. डोळे स्थिरावायला दोन मिनिटं लागतात, मग एकेक रेघ उमटायला लागते.